नव्या गिलाव्याच्या छतास रंग देताना : डोळे, श्वास आणि शरीर यांचे रक्षण

छताचा गिलावा पूर्ण होताच रंगकाम उरकून घ्यावे, अशी घाई बहुतेक घरांत असते. गृहप्रवेशाचा मुहूर्त अथवा सण जवळ आलेला असतो. तथापि ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग टिकत नाही. सिमेंटचा गिलावा किमान ७ दिवस पाणी मारून पक्का होऊ द्यावा व त्यानंतर सुमारे ४ आठवडे वाळू द्यावा. पावसाळ्यात याहूनही अधिक काळ लागतो. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून छतास एक दिवस-रात्र चिकटवून ठेवावा. आतील बाजूस दव जमल्यास थांबणे इष्ट. गच्चीतून पाणी झिरपत असल्यास प्रथम तिची दुरुस्ती करावी, कारण ओलीवर बुरशी वाढते व दमेकऱ्यांस तिचा विशेष त्रास होतो.

नवा गिलावा क्षारयुक्त असतो. म्हणून पुट्टी घासून झाल्यावर क्षाररोधक प्रायमरचा एक हात देऊन मगच रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. पृष्ठभागावर पांढरे क्षार फुलून आलेले दिसल्यास ते कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत.

भिंत रंगविणे आणि छत रंगविणे यांत एक मोठा फरक आहे. छत रंगविताना मुख वर असते आणि जे काही सुटते ते सरळ डोळ्यांत पडते. सिमेंट अथवा चुना डोळ्यांत गेल्यास त्यातील क्षार बुबुळ भाजतो व दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यामुळे दोन्ही बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा घातल्याविना खरवडणे, घासणे किंवा रंगविणे सुरू करू नये. साधा नंबरचा चष्मा यासाठी पुरेसा नाही.

तरीही कण गेलाच तर डोळा चोळू नका. त्याच क्षणी नळाच्या अथवा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून किमान २० मिनिटे धुवा. पापणी उलटून तिच्याखालीही पाणी जाऊ द्या, कारण चुन्याचा खडा तेथेच अडकून बसतो. तूप, दूध, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नका. वेदना कमी झाली तरी लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. आधी धुणे, मग रुग्णालय, हा क्रम बदलू नये.

घासकाम करताना उडणाऱ्या धुळीत वाळूची सिलिका असू शकते. तोंडास बांधलेला रुमाल ती अडवीत नाही, एन-९५ मुखपट्टी वापरावी. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने फरशी पुसावी.

रंग विकत घेताना डब्यावरील मजकूर वाचा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. लेबलावर तसा उल्लेख नसलेला स्वस्त डबा घेऊ नये. शिशाचा परिणाम बालकांच्या मेंदूवर होतो व त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. जुन्या छताचा काही भाग तसाच राखून नवा गिलावा केला असेल, तर जुना रंग कोरडा घासू नका. पृष्ठभाग ओला करून खरवडावा व गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना त्या वेळी घरापासून दूर ठेवावे.

पंखा व दिवा उतरविण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. शिडी सपाट फरशीवर ठेवावी. खुर्चीवर स्टूल रचून चढण्याची सवय अनेकांना असते आणि अस्थिव्यंग विभागात येणाऱ्या रुग्णांकडून तिची हकिगत नेहमी ऐकावी लागते. शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये व हात पोहोचत नसल्यास वाकण्यापेक्षा शिडी सरकवावी.

काम चालू असता दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वास जाईपर्यंत त्या खोलीत तान्ह्या मुलांना निजवू नये. उरलेले टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नका, कारण उलटीवाटे ते फुप्फुसांत उतरते. मूळ डबा सोबत घेऊन मुलास तत्काळ रुग्णालयात न्या अथवा ११२ क्रमांकावर संपर्क साधा.