कवीची मुद्रा आणि कारंज्याच्या पोथ्या

सन १६२३ मध्ये लंडनात शेक्सपिअरची नाटके एकत्र छापून निघाली, तेव्हा ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर मार्टिन ड्रूशाउट याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली कवीची मुद्रा घालण्यात आली. कवीस वारून सात वर्षे लोटली होती. मुद्रा ठोकळेबाजच आहे. आणि समोरच्याच पानावर बेन जॉन्सन या समकालीन कवीने वाचकांस चित्र सोडून ग्रंथ पाहण्यास बजाविले आहे.

आमच्याकडे असे बजाविणारा कोणी निघाला नाही. प्राचीन कवींची जी चित्रे छापखान्यांतून घरोघर गेली, ती बहुतेक चित्रकाराच्या कल्पनेतील : वर्ण गोरा, अंग भरलेले, वस्त्र परीटघडीचे. त्यांस आपण हार घालतो. ग्रंथ मात्र कपाटात राहतो.

कारंज्यास या बाबतीत एक वेगळेच भाग्य लाभले आहे. येथील दिगंबर जैन मंदिरांच्या भांडारांत अपभ्रंश महाकवी पुष्पदंत याच्या ग्रंथांच्या पोथ्या जपल्या गेल्या. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या मान्यखेट राजधानीत, भरत नामक मंत्र्याच्या आश्रयाने, त्याने इ. स. ९५९ ते ९६५ या काळात महापुराण रचिले. त्याची कोरलेली मुद्रा आपणांजवळ नाही. पण त्याने स्वतःचे रूप स्वतःच सांगून ठेविले आहे. आपण कृश, काळे व कुरूप आहोत, असे तो निःसंकोच म्हणतो. अंग धुळीने माखलेले, वस्त्र जीर्ण, निजणे भुईवर. बिरुद मात्र ‘अभिमानमेरु’! दुर्जनांच्या चढलेल्या भुवया पाहण्यापेक्षा रानावनात राहणे बरे, असे म्हणून हा दरिद्री पुरुष नगराबाहेरच थांबला होता. भरताने त्यास आदराने घरी नेले. कोणता भाट आपल्या धन्याचे असे चित्र काढील?

हे शब्द पोथीत बंद राहिले असते तर कोणास कळते? रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तीत येथील पोथ्यांची नोंद झाली. पुढे अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी ‘जसहरचरिउ’ व १९३३ साली प्रा. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ संपादून छापिले. ग्रंथमालेस व्यापारी घराण्याचे नाव आहे, हे आमच्या पेढीवाल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. जुनी खातेवही कसर लागू न देता जपणाऱ्यांस जुन्या पोथीची किंमत निराळी सांगावयास नको.

तेव्हा पोथ्यांच्या छायाप्रती जेथे झाल्या नसतील तेथे त्या आधी व्हाव्यात, आणि जैन असो वा जैनेतर, कोणत्याही विद्यार्थ्यास त्या विनासायास पाहावयास मिळाव्यात. त्यातून पैसा उरला व कोणास कवीची मुद्रा कोरविण्याची हौस वाटली, तर खुशाल कोरवावी. मात्र कोरणाऱ्यास आधीच सांगून ठेवावे की रंग काळाच पाहिजे, गाल बसलेलेच पाहिजेत, आणि अंगावर शालजोडी घालावयाची नाही.