मालक कोण?

आमच्या कॉलनीत पहिला अल्सेशियन आला तो 1984च्या पावसाळ्यात. जर्मन शेफर्ड म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. पहिल्या महायुद्धात 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाल्यावर इंग्रजांनी त्या जातीचं नाव बदललं होतं. 1977 साली त्यांच्या केनेल क्लबनं मूळ नाव परत दिलं, पण आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी पोचायची होती. कुत्र्याचं नाव टायगर. त्याला शिकवायला दर रविवारी लूनावरून एक मास्तर यायचे. खिशात चोक चेन, हातात गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र. टायगर गुरगुरला की चेनला हिसका आणि नाकावर वर्तमानपत्र. आम्ही पोरं कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघायचो. मास्तरांचं एक वाक्य ठरलेलं असे : "त्याला एकदा कळलं पाहिजे, मालक कोण ते."

दिवाळीपर्यंत टायगरचं गुरगुरणं थांबलं. मास्तरांचं कॉलनीभर नाव झालं. संक्रांतीच्या सुमारास टायगरनं दूधवाल्याची पोटरी फोडली. फोडण्याआधी घशातून एवढासाही आवाज काढला नाही. दूधवाल्याला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. त्याचे पैसे कोणी दिले ते आठवत नाही, बहुधा त्यानंच. टायगरला पुढच्या आठवड्यात "शेतावर पाठवलं". कोणाच्या शेतावर, हे आम्ही विचारलं नाही आणि मोठ्यांनी सांगितलं नाही.

पुढे कुत्र्यांविषयी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की मास्तरांचं ते वाक्य मास्तरांचं नव्हतंच. ते पार जर्मनीहून निघालं होतं. तिथे पोलिसांसाठी कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्टनं 1910 मध्ये श्वानशिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. माणूस आनुवंशिकतेचा किंवा वर्तनशास्त्राचा फारसा अभ्यास नसलेल्या काळातला, पण नजर तीक्ष्ण. शिक्षा किंवा बक्षीस नेमकं कोणत्या क्षणी द्यायचं, हे त्याला त्या विषयाच्या प्राध्यापकांआधी उमगलं होतं. मात्र माणूस आणि कुत्रा यांच्यात एक वरचा आणि एक खालचा असणारच, आणि वरचा कोण ते गरज पडल्यास अंगबळानं ठरवायचं, ही त्याची धारणा. महायुद्धात जर्मन सैन्यानं कुत्री वापरली, युद्धानंतर ती विद्या जगभर गेली, आणि बरोबर ही धारणाही गेली.

तिला शास्त्राचा शिक्का मिळाला तो लांडग्यांमुळे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर 1947 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लांडग्यांच्या कळपात सतत वर्चस्वाची झटापट चालते आणि जिंकणारी जोडी म्हणजे 'आल्फा', असं त्यात होतं. ते लांडगे राहत कसे होते, हे मात्र नंतरच्या कोणी नीट पाहिलं नाही. 10 मीटर रुंद, 20 मीटर लांब एवढ्या आवारात दहापर्यंत लांडगे, तेही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकत्र कोंडलेले. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत दहा अनोळखी भाडेकरू घालावेत, भांडणं मोजावीत आणि मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, त्यातला हा प्रकार.

अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये 'द वुल्फ' हे जाडजूड पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांनीही ही 'आल्फा'ची भाषा उचलली आणि ती घराघरांत गेली. पुढे याच मेक यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समेर बेटावर 1986 पासून उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांबरोबर काढले. तिथे त्यांना दिसलं ते साधं कुटुंब होतं : आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. 'आल्फा' म्हणजे कोणाला चीत करून गादीवर बसलेला पहिलवान नसून नुसता बाप निघाला. 1999 मध्ये त्यांनी तसं लिहिलं, आणि आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबलं 2022 मध्ये. स्वतःची चूक दुरुस्त करायला एवढा वेळ आणि एवढी चिकाटी लागते, हे पाहून मला मेक यांच्याबद्दल आदर वाटतो आणि प्रकाशकाबद्दल काय वाटतं ते लिहीत नाही.

पण मधली वर्षं गेली ती गेलीच. त्या वर्षांत काय काय झालं! विल्यम केलर हा शिक्षक अमेरिकी लष्करातून डिस्नेच्या सिनेमांत गेला. 'द इन्क्रेडिबल जर्नी'मधल्या प्राण्यांना त्यानंच तयार केलं. त्याचं 1962 चं पुस्तक पिढ्यान् पिढ्या ट्रेनर लोकांची गाथा होऊन बसलं. कुत्रा बागेत खड्डे खणत असेल तर काय करावं? खड्डा पाण्यानं भरावा आणि कुत्र्याचं तोंड त्यात बुडवावं, असा त्यातला उपाय. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड पाळत. त्यांनी 1978 च्या पुस्तकात कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायची युक्ती सांगितली. 2002 च्या आवृत्तीत ती त्यांनीच मागे घेतली. तोवर ती असंख्य घरांतल्या सतरंज्यांवर वापरून झाली होती. 1980 मध्ये बीबीसीवर बार्बरा वुडहाउस नावाच्या खणखणीत आवाजाच्या बाईंनी चोक चेनला इभ्रत मिळवून दिली. 2004 पासून नॅशनल जिऑग्राफिकच्या पडद्यावर सीझर मिलान हे ट्रेनर आपला कार्यक्रम घेऊन आले. हा कार्यक्रम आपल्याकडे केबलवरही दिसायचा, आणि माझ्या ओळखीतले निदान तीन गृहस्थ तो बघून आपापल्या लॅब्राडॉरशी 'च्क' असा आवाज काढून बोलायला लागले. दोन वर्षांत अमेरिकन ह्युमेन असोसिएशननं मिलान यांच्या पद्धतींवर जाहीर हरकत घेतली. कार्यक्रम 2012 पर्यंत चालला.

दुसरी वाट याच काळात पडत होती, पण बिनआवाजाची. कॅरन प्रायर 1963 पासून हवाईच्या सागरी उद्यानात डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. रागावलात तर तो पाण्यात खाली निघून जातो, विषय संपला. म्हणून शिट्टी आणि मासा. पाहिजे ते झालं की त्याच क्षणी शिट्टी, मग मासा. हीच रीत त्यांनी 1984 च्या आपल्या पुस्तकातून माणसांपुढे आणि कुत्र्यांच्या मालकांपुढे ठेवली. म्हणजे आमचे मास्तर टायगरच्या नाकावर वर्तमानपत्र मारत होते, त्याच वर्षी.

आणि खरं तर मुंबईतही वेगळं उदाहरण होतं. मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 मध्ये डॉबरमनांवर सुरू झालं. पण शहराच्या मनात राहिला तो 'जंजीर', पिवळट रंगाचा लॅब्राडॉर. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स त्याच्या नाकानं शोधलं. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी सलामी दिली. वासाचं काम मार देऊन करून घेता येत नाही. नाक कुत्र्याचं, स्फोटकं कुठे आहेत ते हॅन्डलरला ठाऊक नाही. कुत्र्याला बक्षिसाच्या चेंडूची ओढ असेल तरच तो शोधतो. नावातच साखळी असलेला कुत्रा सगळ्यात कमी साखळीनं शिकला असावा, हा योगायोग मला फार आवडतो.

मारानं नेमकं होतं काय, याचे आकडे उशिरा आले. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 मालकांकडून माहिती गोळा केली. ज्यांनी कुत्र्याला लाथ किंवा फटका मारून पाहिला होता, त्यांच्यातल्या 43 टक्के मालकांवर कुत्रा उलटला होता. उताणं पाडणाऱ्यांवर 31 टक्के, डोळ्यांत डोळे घालून दटावणाऱ्यांवर 30 टक्के. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 92 पाळीव कुत्र्यांची लाळ तपासली. हिसके आणि ओरडा यांवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाचं रसायन वर्गानंतर जास्त वाढलेलं होतं. वेल्सनं 2010 मध्येच शॉक कॉलरवर बंदी घातली होती. कडक शिस्तवाले यावर एक रास्त प्रश्न विचारतात : माणसाच्या नरडीला जाणाऱ्या कुत्र्याला बिस्किट दाखवून काय होणार? तो प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण तो कुत्रा नरडीपर्यंत पोचला कसा, याचं उत्तर आठव्या आठवड्यात असतं, आठव्या महिन्यात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने पिल्लानं जे पाहिलं, हुंगलं, ते त्याला आपलं वाटतं. बाकीचं जग परकं. गुरगुरणं हा परक्या जगाला दिलेला इशारा. टायगरचा इशारा मास्तरांनी बंद केला. भीती होती तिथेच राहिली.

ट्रेनर लोकांनी हे हळूहळू ऐकलं. सरकारांनी मात्र जातींच्या याद्या केल्या. 1991 च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डमध्ये सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलनं भयंकर हल्ला केला आणि जुलैअखेर ब्रिटनचा 'डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट' तयार! त्यात चार प्रकारची कुत्री. बत्तीस वर्षांनी, 2023 च्या डिसेंबरअखेर, तिथे पाचवं नाव घालावं लागलं, एक्सएल बुली. हॉलंडनं पिटबुलवरची 1993 ची बंदी 2008 मध्ये उठवायचं ठरवलं, कारण चावे कमी झाले नव्हते. इटलीनं 2009 मध्ये यादी फाडून जबाबदारी मालकावर टाकली. कॅनडातल्या कॅल्गरी शहरानं यादी केलीच नाही; परवाना, दंड आणि मालकांचं शिक्षण यांवर भर दिला.

आपण ब्रिटनचीच वाट धरली. 2022 च्या जुलैत लखनौत पिटबुलनं घरातल्याच 82 वर्षांच्या वृद्धेचा जीव घेतला. देश हादरला. 12 मार्च 2024 रोजी केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून 23 प्रकारच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं. ती यादी मी दोनदा वाचली. तिच्यात 'तोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी तोसा' आहे. एकच कुत्रा. शिवाय नुसतं 'टेरियर' असंही लिहिलेलं आहे. बशीएवढ्या तोंडाचा यॉर्कशायर टेरियर त्यात येतो की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. महिन्याभरात, 10 एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. संबंधितांना विचारलंच नव्हतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वाद हे वेगळं प्रकरण आहे आणि मुंबईत तो निदान 1832 च्या पारशी दंग्याइतका जुना आहे, त्यात इथे शिरत नाही. एवढंच सांगतो, की सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 रोजी नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत जागेवर सोडा म्हणताना 'आक्रमक' कुत्री वगळली, आणि आक्रमक कोणाला म्हणायचं हा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहिला.

मालकासाठी कायदा नव्हता असं नाही. आपल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, हे भारतीय दंड संहितेच्या 289 व्या कलमात 1860 पासून होतं. हजार रुपये! 1860 साली ती एखाद्या कारकुनाची अनेक वर्षांची कमाई असेल. 2024 साली ती एका चांगल्या पट्ट्याची किंमत. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेनं दंड पाच हजारांपर्यंत नेला. कलम जुनं असूनही पूर्वी कधी त्यानं कोणाची झोप उडवल्याचं फारसं ऐकिवात नव्हतं. 2023 च्या जानेवारीत गिरगावच्या न्यायालयानं रॉटवायलरच्या एका मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. चावा 2010 चा होता.

त्यानंतर 2025 च्या मे महिन्यात वरळीच्या एका खटल्याचा निकाल लागला. घटना 2018 ची, इमारतीच्या लिफ्टमधली. आत एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन उभे होते. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं त्यांनी सांगितलं. मालक थांबला नाही, कुत्र्यासह आत शिरला, आणि कुत्रा त्या गृहस्थांना चावला. मालकाला चार महिन्यांची कैद झाली. सीसीटीव्हीचं चित्रण न्यायालयानं पाहिलं होतं. त्यात मालक आपल्या कुत्र्याला पट्ट्यानं ओढत, फरफटत लिफ्टमध्ये नेताना दिसतो.