ऑनलाइन पाठ्यक्रम

ऑनलाइन पाठ्यक्रम : शिक्षक व विद्यार्थी एकत्र उपस्थित नसताना इंटरनेटच्या साहाय्याने ज्याचे अध्यापन, स्वाध्याय व मूल्यमापन होते, अशा पाठ्यक्रमास ऑनलाइन पाठ्यक्रम म्हणतात. पत्रद्वारा शिक्षण व मुक्त विद्यापीठे ही त्याची पूर्वपीठिका होय. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात (स्थापना १९६९) पाठ्यक्रम एकटा प्राध्यापक न लिहिता विषयतज्ञ, संपादक व नभोवाणी-दूरचित्रवाणीचे निर्माते यांचे मंडळ तयार करी. नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही (१९८९) स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांवर भर दिला. ऑनलाइन पाठ्यक्रमाच्या रचनेतील बहुतेक अडचणी ह्या परंपरेला परिचितच होत्या. नव्या माध्यमाने त्यांचे प्रमाण वाढविले.

यांतील मूळ अडचण एकच आहे. वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांना कळेनासे झाले, की शिक्षकाच्या ते ध्यानात येते. तो थांबतो, दुसरे उदाहरण देतो, मागचा धडा पुन्हा काढतो. ही दुरुस्ती इतकी सहज घडते, की ती अध्यापनाचाच भाग असल्याचे सहसा जाणवत नाही. ध्वनिमुद्रित पाठात तिला वाव नसतो. म्हणून विद्यार्थी कोठे अडखळेल, हे रचनाकाराला आधीच हेरावे लागते व तेथे प्रश्न, सूचना किंवा पर्यायी स्पष्टीकरण पेरून ठेवावे लागते. अपूर्णांकांच्या बेरजेत अंशांची व छेदांची वेगवेगळी बेरीज करणाऱ्या मुलास ‘उत्तर चूक’ एवढेच सांगणे व्यर्थ होय. १/२ आणि १/२ यांची बेरीज त्या रीतीने २/४, म्हणजे पुन्हा १/२ च येते, हे त्याला दिसले पाहिजे. असा प्रत्येक प्रतिसाद लिहिण्यास विषयज्ञानाबरोबर दीर्घ अध्यापनानुभव लागतो. खर्चाचा मोठा भाग येथे पडावयास हवा. प्रत्यक्षात तो बहुधा चित्रीकरणावर होतो.

चित्रफितींच्या लांबीविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडएक्स ह्या व्यासपीठावरील सु. ६९ लक्ष प्रेक्षणांची पाहणी करण्यात आली. फीत कितीही लांब असली, तरी ती पाहण्याचा मध्यक काळ ६ मिनिटांपलीकडे गेला नाही. तथापि तासाभराच्या व्याख्यानाचे दहा तुकडे केल्याने पाठ सुधारत नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्र कल्पनेभोवती मुळातच योजावा लागतो.

विद्यार्थी टिकविणे ही याहून कठीण बाब आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या विद्युत् मंडलांवरील पाठ्यक्रमास २०१२ मध्ये सु. १,५५,००० जणांनी नावे नोंदविली. प्रमाणपत्र ७,१५७ जणांस मिळाले. नोंदणी विनामूल्य असल्याने केवळ कुतूहलापोटी येणारे पुष्कळ असतात, हे खरे. पण त्याने प्रश्न मिटत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन होझे राज्य विद्यापीठात २०१३ च्या आरंभी प्राथमिक गणित व संख्याशास्त्र यांचे श्रेयांक देणारे ऑनलाइन पाठ्यक्रम योजण्यात आले. विद्यार्थ्यांत शालेय मुले व पूर्वी गणितात अनुत्तीर्ण झालेलेही होते, आणि काहींना घरी संगणकच नव्हता. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून बरेच कमी भरले व प्रयोग तूर्त स्थगित झाला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले, परंतु त्या वेळी पदवीधर विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. ज्यास शिकण्याची सवय आहे त्यालाच ही पद्धत अधिक फळते. ज्याच्यासाठी ती प्रामुख्याने पुरस्कारिली जाते, तो मागे पडतो. साप्ताहिक मुदती व शंकांना वेळेवर उत्तर देणारा साहाय्यक यांनी ही तूट काही अंशी भरून निघते.

भारतात ‘स्वयम्’ (२०१७) ह्या शासकीय व्यासपीठावरील पाठ्यक्रमांसाठी चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चापीठ अशी चार अंगे विहित आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत पाठ्यक्रम ह्या व्यासपीठावरून घेता येतात; त्यामुळे मूल्यमापनाच्या विश्वसनीयतेस विशेष महत्त्व आले आहे. बहुपर्यायी प्रश्न संगणकाकडून तत्काळ तपासून घेता येतात, पण युक्तिवाद वा प्रयोगकौशल्य त्यांतून क्वचितच पारखले जाते. निबंध विद्यार्थ्यांनी परस्परांचे तपासावेत, तर निकष अतिशय स्पष्ट असावे लागतात. कर्णबधिरांसाठी उपशीर्षके व दृष्टिहीनांसाठी आकृत्यांची शाब्दिक वर्णने आरंभीच लिहिणे सोयीचे. मागाहून ती जोडणे खर्चाचे होते. मराठी पाठ्यक्रमांत आणखी एक निर्णय करावा लागतो : परिभाषा कोणती वापरावी? केवळ संस्कृतनिष्ठ संज्ञा दिल्यास विद्यार्थ्यास इंग्रजी ग्रंथ दुरावतात, केवळ इंग्रजी दिल्यास शालेय पाठ्यपुस्तकांशी दुवा तुटतो. प्रथम उल्लेखी दोन्ही देऊन पुढे एकच संज्ञा कटाक्षाने पाळणे हा व्यवहार्य मार्ग होय.