कुंपणालगतची लिंबोणी

झाडाच्या मुळांना माती हवी आणि पानांना ऊन हवे. परंतु त्याला चोहोबाजूंनी घेर धरता आलाच पाहिजे, असा काही निसर्गाचा नियम नाही. या साध्या गोष्टीवर युरोपातील एक जुनी बागकला उभी आहे. तेथील बागवान फळझाड भिंतीलगत लावतात, पुढेमागे वाढणाऱ्या फांद्या काढून टाकतात, आणि उरलेल्या फांद्या तारांना बांधून पंख्यासारख्या दोहोंकडे पसरवतात. या पद्धतीला ‘एस्पॅलियर’ म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा संबंध खांद्याशी आहे. झाड जणू भिंतीला पाठ टेकून उभे असते. नाशिककडील द्राक्षांचा मांडव ज्याने पाहिला आहे, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की द्राक्ष हा मुळातच वेल आहे. लिंबू हे झाड असून त्याला वळण लावावे लागते.

दिल्लीत या कलेचे महत्त्व वाढण्यासारखीच परिस्थिती आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर इत्यादी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि अंगण असलेल्या जुन्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. तळमजल्याला जेथे थोडी माती उरली आहे, तेथेही ती बहुधा कुंपणालगतच्या दोनतीन फुटांच्या पट्टीएवढीच असते. मोकळी वाढलेली लिंबोणी दहापंधरा फुटांचा घेर सहज धरते. तीच कुंपणावर पसरवली तर दीड-दोन फूट खोलीत मावते.

मात्र ही कला युरोपातून जशीच्या तशी उचलली, तर पहिल्याच उन्हाळ्यात झाड हातचे जाण्याचा संभव असतो. थंड देशांत दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत निवडतात, कारण तेथे उबेचा तुटवडा असतो आणि दिवसा तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देते. दिल्लीत सफदरजंग येथे १६ जानेवारी १९३५ रोजी तापमान उणे ०.६ अंशांपर्यंत उतरल्याची, तर २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंशांपर्यंत चढल्याची नोंद आहे. थंडीचे कडक दिवस मोजके असतात. लू मात्र आठवडेच्या आठवडे वाहते. तेव्हा येथे भिंतीची ऊब हा आधार नसून धोका आहे. पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत तर सर्वस्वी टाळावी. सकाळचे पाचसहा तास ऊन आणि दुपारनंतर सावली देणारी पूर्वाभिमुख बाजू उत्तम. त्याहूनही चांगले ते वारा आरपार जाऊ देणारे तारेचे कुंपण. भिंतच असेल, तर तारा तिच्यापासून निदान सहा ते नऊ इंच दूर ताणाव्यात.

लिंबूवर्गातील सगळीच झाडे या कामाला सारखी नाहीत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या वर्गाच्या फळांची लांबलचक यादी दिली आहे. इतकी विविधता येथे पूर्वीपासून आहे. कुंपणासाठी लांब, लवचीक फांद्यांचे युरेका किंवा बारमासी लेमन सोयीचे. कागदी लिंबूही चालते. त्याचे काटे बागवानाला टोचतात, तसे कुंपणाच्या उपयोगीही पडतात. किन्नो जोमाने सरळ वर जाणारा असल्याने वळणाला अवघड.

लागवड पावसाळ्यात किंवा थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्चात करावी. दोन झाडांत आठ-दहा फूट अंतर ठेवावे आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा. जमिनीपासून दीड, तीन व साडेचार फुटांवर तीन तारा ताणाव्यात. रोपाचा शेंडा पहिल्या तारेपाशी छाटला की खालून नवे फुटवे येतात. त्यांतील मधला वर जाऊ द्यावा आणि दोन बाजूंचे फुटवे हिरवे व लवचीक असतानाच तिरपे बांधावेत. पुढच्या वर्षी ते हळूहळू आडवे करावेत. मधल्या फुटव्यावर वरच्या तारांपाशी हीच कृती करावी. बांधणी मऊ सुतळीने, सैल फासाने करावी. तार फांदीला कधीही गुंडाळू नये.

आडव्या फांदीला फळ अधिक का धरते, याचेही कारण आहे. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी झाली की हा दाब कमी होतो, वाढ मंदावते आणि बाजूचे डोळे जागे होतात. त्याचबरोबर फांदीच्या पाठीवर जोमदार पाणसोट फुटतात. ते कोवळे असतानाच खुडावेत.

येथे सफरचंदाचा धडा गिरवू नये. सफरचंदाला वर्षानुवर्षे टिकणाऱ्या आखूड फळकाड्यांवर फळ येते, म्हणून त्याच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी आखूड छाटता येतात. लिंबाचा मोहोर मुख्यतः पक्व काडीवर वसंतात येणाऱ्या नव्या फुटीवर येतो. सगळी काडीच छाटून टाकली, तर पाने आणि काटे तेवढे मिळतात. म्हणून लिंबोणीला कात्रीपेक्षा सुतळी अधिक लावावी.

विदर्भातील संत्रा बागाईतदार पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि आंबिया बहार धरतो. दिल्लीत हे काम हिवाळाच करतो. फेब्रुवारी-मार्चात झाड आपोआप फुलते. छाटणी करायची ती थंडी ओसरताच, फुटीपूर्वी आणि हलक्या हाताने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटले, तर नवी कोवळी फूट थंडीत सापडते. मे महिन्यात छाटले, तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. उन्हाळ्यापूर्वी खोडाला चुना लावणे हिताचे.

पाणी बुंध्याला लागू न देता भोवतीच्या आळ्यात द्यावे, म्हणजे डिंक्याचे भय कमी होते. कूपनलिकेचे खारे पाणी या झाडाला सोसत नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी हातानेच वेचता येते. सायला ही कीड चिमुकली असली, तरी ग्रीनिंगचा असाध्य रोग पसरवते, म्हणून कोवळी पालवी वारंवार पाहावी. पसरट झाडाचा एक लाभ असा की त्याचे पान न् पान नजरेखालून जाते.

असे झाड रीतसर उभे राहण्यास तीनचार वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात सरकारी घरातील बिऱ्हाड पुष्कळदा बदलते. लावणाऱ्याने फळ चाखावेच असे घडत नाही. म्हणून जाताना नव्या रहिवाशाला दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात: हिवाळ्याच्या तोंडावर कात्री लावू नये, आणि पावसाळा संपताच प्रत्येक गाठ सोडून, फांदी जाड झाली असेल त्या मानाने सैल बांधावी. एवढे पाळले, तरी झाड त्याच्याही घरी लिंबे पुरवील.