पाण्यानं बसलेलं सोनं

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी आमच्या जुन्या आरशाची चौकट ओल्या फडक्यानं पुसली. आजोबांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली ही विलायती चौकट. फडकं पिवळं झालं आणि कोपऱ्यात तांबडा डाग उघडा पडला. गंज समजून मी तो आणखी घासला. लाकडाला कसला गंज, हे तेव्हा सुचलं नाही!

युरोपात चौकटीवर सोनं चढवण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत तेलाच्या चिकट लेपावर वर्ख बसवतात. ते सोनं पाण्याला सहसा दाद देत नाही, पण घोटून चमकवता येत नाही. दुसरी रीत पाण्याची. तिच्यात लाकडावर कातड्याच्या सरसात कालवलेल्या पांढऱ्या पुडीचे थर देतात; उत्तर युरोपात खडूचे, इटलीत जिप्समचे. इटलीचा चित्रकार चेन्निनो चेन्निनी यानं १४०० च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात बारीक जिप्समचे आठ थर सांगितले आहेत. ते घासून गुळगुळीत केले, की त्यावर सरसात कालवलेल्या तांबड्या चिकणमातीचा हात. मला दिसलेला ‘गंज’ तो हाच. या मातीमुळे सोन्याला उबदार छटा येते, आणि घोटताना खाली मऊ गादी मिळते.

वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. बोटानं उचलायला जावं तर चुरगळतो. म्हणून कारागीर चपटा, पातळ कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवतो. गालाच्या किंचित तेलकटपणानं वर्ख त्याला धरतो. मातीवर पाणी लावलं की तिच्यातला सरस जागा होतो आणि वर्ख अलगद ओढून घेतो. पुढे खरी पारख वेळेची. माती ओली असताना घोटलं तर सोनं फाटतं, पार सुकल्यावर घोटलं तर चमक येत नाही. घोटायला चेन्निनी रत्नांबरोबर कुत्रा, सिंह, लांडगा यांचे दातही चालतील म्हणतो. आता अकीक वापरतात, पण त्याचा आकार पुष्कळदा कुत्र्याच्या सुळ्यासारखाच असतो.

ज्या पाण्यानं सरस जागा होऊन सोनं धरतो, त्याच पाण्यानं तो सैल होऊन सोनं सोडतो. माझ्या फडक्यानं तेच केलं.

‘सोनेरी रंगाचा हात मारा,’ असं दोघातिघांनी सुचवलं. त्या रंगात बहुधा पितळेची पूड असते आणि ती काही वर्षांत काळपट पडते. शिवाय उरलेलं खरं सोनंही तिच्याखाली गाडलं जातं. मी नको म्हटलं. आता कोरड्या मऊ कुंचल्यानं धूळ तेवढी झटकते. तांबडा कोपरा तसाच आहे.