मुलांना घेऊन ताडोब्याला जाताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास एक कुटुंब गाडीतून थेट दवाखान्यात आले. ताडोब्याची दुपारची फेरी आटोपून घरी परतत होते. आठ वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर निपचित पडलेला. ओठ सुकलेले, वाटेत दोन उलट्या झालेल्या, डोके दुखते म्हणून रडण्याचेही त्राण नाही. ताप १०२.

‘लघवी केव्हा केली होती?’ मी विचारले. आईला आठवेना. वडील म्हणाले, सकाळी आंघोळीच्या वेळी.

‘आणि पाणी?’

यावर दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग आई हळूच म्हणाली, ‘डॉक्टर, जंगलात गाडीतून खाली उतरू देत नाहीत ना! याला मध्येच लागली तर काय करायचं, म्हणून बारा वाजल्यापासून पाणी दिलंच नाही.’

मुलगा शुद्धीवर होता आणि चमच्याने दिलेले पाणी पोटात टिकत होते, म्हणून निभावले. अंग ओल्या फडक्याने पुसत, पंख्याखाली ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी जलसंजीवनी पाजत राहिलो. रात्री दहाला त्याने लघवी केली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वाघ दिसला होता का, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

या आईला दोष देण्यात अर्थ नाही. तिने विचार केला होता, फक्त उलट्या बाजूने केला होता. आणि ही युक्ती करणारी ती एकटी नाही. सुट्ट्या लागल्या की आपल्या भागातली बरीच कुटुंबे ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाट अशी निघतात. आरक्षण, मुक्काम, कॅमेरा यांची तयारी महिना-महिना आधी होते. मुलांच्या प्रकृतीची तयारी निघण्याच्या आदल्या रात्री, तीही तापाच्या गोळीपुरती.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. ते आहे चंद्रपूर जिल्ह्यात आणि चंद्रपूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊकच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जाणे तिथे नवलाचे नाही. पण वाघ दिसण्याचा हंगामही नेमका तोच. पानगळ झालेली असते, गवत वाळलेले असते आणि जनावरे पाणवठ्यावर येतात. दुपारची फेरी ऐन उन्हात सुरू होते, तीन-साडेतीन तास चालते, आणि उघड्या जिप्सीत डोक्यावर छप्पर नसते. मोठ्या माणसाची त्यात दमछाक होते, मग मुलांचे काय होत असेल?

मुलाच्या शरीराचे वजन कमी, पण वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे बाहेरची उष्णता ते लवकर शोषून घेते. घामही मोठ्यांच्या मानाने कमी येतो, म्हणजे अंग थंड करण्याची सोय अपुरी. त्यात पाणवठ्यावर डोळे लावून बसलेल्या मुलाला तहानेचे भान राहत नाही. म्हणून मूल मागेल तेव्हा पाणी द्यायचे हा घरचा नियम जंगलात चालत नाही. साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी, मागो न मागो, प्यायला लावावे. फेरीला निघण्यापूर्वी ताक, पन्हे किंवा लिंबाचे सरबत मीठ घालून द्यावे. आपल्या घरची ही पेये बाटलीतल्या रंगीत पेयांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

राहिला लघवीचा प्रश्न. प्रवेशद्वारावर, गाडीत चढण्याच्या अगदी आधी, मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे. वाटेत उतरण्याची ठरलेली जागा आहे का, हे गाईडला फेरी सुरू होतानाच विचारून ठेवावे. मुलग्यांसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली सोबत असू द्यावी. अगदी लहान मुलांना लंगोट बांधावा. यात संकोच कसला? पाणी तोडण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे सामानात हवीतच. एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवायचे. अर्धे पाकीट, थोडे पाणी असा अंदाजपंचे कारभार नको, कारण द्रावण दाट झाले तर मुलाला अपायच होतो. विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा. नुसती ग्लुकोजची पावडर किंवा खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावे, कारण गडबडीत साखर-मिठाची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

डोक्याला सुती दुपट्टा, तो ओला करून बांधला तर उत्तम. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे सुती कपडे. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. कांदा ठेवायला माझी हरकत नाही, परंतु त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहू नये.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चिडचिड, गळून जाणे ही ऊन लागल्याची पहिली लक्षणे. इथेच मुलाला सावलीत घेऊन पाणी पाजले तर गोष्ट आटोक्यात राहते. पण मूल असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडाने काहीही पाजू नये, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि हे करतच रुग्णालय गाठावे. तापाच्या गोळीचा उष्माघातात उपयोग होत नाही, ती देत बसण्यात वेळ जातो. आणखी एक, जेवायला उतरताना झोपलेल्या मुलाला बंद मोटारीत ‘पाचच मिनिटे’ म्हणून कधीही सोडू नये.

पाच-सहा वर्षांखालील मुले बरोबर असतील तर माझा सल्ला विचाराल तर मे महिना टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. गवत उंच असते, पाणी जागोजाग असते, वाघ दिसण्याची शक्यता घटते हे खरे. पण चार वर्षांच्या मुलाला वाघाइतकाच आनंद माकडाच्या पिलाने होतो. मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या गाडीत थंडी हाडापर्यंत शिरते. कानटोपी आणि घोंगडी लागतेच. दम्याच्या मुलांना गार वारा आणि धूळ दोन्ही बाधतात, त्यांचे श्वासातून घ्यायचे औषध खिशात हवे, मुक्कामाच्या खोलीतल्या पिशवीत नव्हे. शाळेच्या सुट्टीमुळे उन्हाळ्यातच जाणे भाग असेल तर सकाळची फेरी घ्यावी, दुपारची सोडून द्यावी. पैसे भरले आहेत म्हणून दोन्ही फेऱ्या वसूल करण्याचा हट्ट नको. ताडोबा मंगळवारी बंद असतो आणि गाभ्याचे जंगल पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असते, हे सुट्टीचा बेत ठरवतानाच लक्षात घ्यावे. गरोदर स्त्रियांनी मात्र जिप्सीतले धक्के कोणत्याच ऋतूत खाऊ नयेत.

गाडी लागणाऱ्या मुलांना उपाशीपोटी किंवा तुडुंब पोटाने बसवू नये. थोडे कोरडे खाऊ घालून, समोर दूरवर पाहता येईल अशा जागी बसवावे. चित्रांचे पुस्तक वा मोबाइल हातात देऊ नये. उलटीची गोळी लहानांना डॉक्टरांना विचारूनच.

मुक्कामाच्या ठिकाणी जमिनीवर अंथरूण घालू नये. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बरेचदा कळतही नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर तो दंश असू शकतो. अंधारात बाहेर पडताना विजेरी हवी आणि सकाळी बूट झटकून घालावेत, कारण विंचवाला बूट आवडतात. साप चावला तर आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने ओढणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा हाताशी असेल ते वाहन घेऊन, प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात जावे. तसे रुग्णालय सर्वांत जवळ कुठे आहे, हे पोहोचल्याबरोबर विचारून ठेवावे. माकडाने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी.

सर्वांत जास्त फसगत होते ती परतल्यावर. सहल दहा-पंधरा दिवस मागे पडलेली असते, शाळा सुरू झालेली असते आणि मुलाला ताप येतो. पालक सांगतात, ‘पावसात भिजला.’ जंगलाचा विषय कोणी काढत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे आणि त्यातला फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत एक-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक दिवस जातात. म्हणून मुक्कामात संध्याकाळनंतर पूर्ण कपडे आणि रात्री मच्छरदाणी हवीच.

दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीमुळे तो होतो, आणि पावसाळ्यात व त्यानंतर अधिक आढळतो. काखेत, जांघेत, कमरेला किंवा कानामागे विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, त्यामुळे मूल सांगत नाही. वेळेवर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो. तेव्हा जंगलातून आल्यावर महिनाभरात मुलाला ताप आला तर आंघोळीच्या वेळी सर्व अंग नीट पाहावे, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य हेच असावे: ‘आम्ही अमुक तारखेला जंगलात राहून आलो आहोत.’