अंगणवाडीच्या बाई

भिवंडीतल्या नारपोलीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत मराठी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू सगळंच कानावर पडतं. इथली चार वर्षांची पोरं घरात एक बोली बोलतात आणि दाराबाहेर दुसरी. अशा मुलांना शिकवणारी बाई कशी घडवायची, हा प्रश्न जुन्या ठाणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यात, फार पूर्वी हाताळला गेला होता.

त्याची सुरुवात मात्र भावनगरला झाली. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. बाई मराठी, मुलं गुजराती. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली आणि १९३३ पासून मराठीतही. पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. तिथं मुलांबरोबर शिक्षिकाही घडू लागल्या.

पण हे काम ज्या माँटेसरी पद्धतीवर चालायचं, तिची महागडी साधनं शहरी, पैसेवाल्या घरांपुरतीच राहिली. ही पद्धत गरिबाच्या मुलापर्यंत न्यायला ताराबाई १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. पुण्यात शिक्षिका असलेल्या, बालविधवा अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईच त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. तीच अंगणवाडी. शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही पाठाचाच भाग होता.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेल्या मुलीलाही शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. तिथं मुलगा नापास ठरत नव्हता. तो आला नाही तर शाळेची वेळ, जागा आणि रीत बदलायची. प्रमुख बाई स्वतः मुलांत वावरत, म्हणून हा बदल कागदावर अडून राहिला नाही. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी १९९२ पर्यंत काम चालू ठेवलं. वारसदार तयार ठेवणं हाही ताराबाईंच्या नेतृत्वाचाच भाग म्हणायला हवा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पसरली. योजनेच्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक. उरलेल्या पाच आरोग्य आणि पोषणाच्या. त्यांची गरज होतीच; पण आहार, वजन, लसीकरण आणि रजिस्टरं यांतून शिकवायला किती वेळ उरतो, हे कोणतीही सेविका सांगेल. आणि एवढं करून हातात पडतं ते पगाराऐवजी मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलाही सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला.

थोडक्यात, सरकारने बोर्डी-कोसबाडचं अंगण घेतलं. तिथल्या बाईची तयारी आणि तिचा मान मात्र मागे राहिला. नवं शैक्षणिक धोरण २०२० पासून घरच्या भाषेचा आग्रह धरतं. नारपोलीसारख्या वस्तीत तो खरा करायचा, तर त्याच गल्लीतली, दोन-तीन बोलींत मुलाशी बोलू शकणारी बाई निवडावी लागेल, तिला नीट प्रशिक्षण द्यावं लागेल आणि कागदांच्या ढिगातून तिचे दोन तास मोकळे करावे लागतील.